आधी नाशिक, मग गणेशखिंड : बदलीचा नकाशा प्रवेशाआधी हातात द्या

प्रति,
मा. कुलगुरू, विद्यापरिषदेचे आणि अभ्यासमंडळांचे सदस्य,
सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ;
तसेच नाशिक उपपरिसराचे संचालक आणि जिल्ह्यातील संलग्न महाविद्यालयांचे प्राचार्य यांस

विषय : उपपरिसरात किंवा तालुक्याच्या महाविद्यालयात शिक्षण सुरू करून पुढे पुण्याला जाणाऱ्या विद्यार्थ्यांबाबत

महोदय, महोदया,

बारावीचा निकाल लागला की नाशिक, दिंडोरी, पेठ, निफाड इथल्या महाविद्यालयांच्या खिडकीवर एक प्रश्न हमखास येतो : ‘पहिलं वर्ष इथे काढलं तर पुढे पुण्याला जाता येईल ना?’ आतून उत्तर जातं, ‘येईल की.’ उत्तर खोटं नसतं, अर्धं असतं. उरलेलं अर्धं विद्यार्थ्याला वर्षभराने, हातात टीसी घेऊन पुण्यातल्या दुसऱ्या खिडकीसमोर उभं राहिल्यावर कळतं. आम्ही या जिल्ह्यात शिकवणारे, प्रवेशाची कागदपत्रं तपासणारे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घेणारे लोक त्या उरलेल्या अर्ध्याविषयी लिहितो आहोत. मागणी एकच आहे. कोणता विषय कुठे चालेल, किती जागा असतील, कोणती तारीख पाळायची, हे विद्यार्थ्याने इथे पहिल्या वर्षाची फी भरण्याआधी त्याला छापील मिळावं.

जवळ शिकून मग लांब जाण्यात कमीपणा नाही, उलट शहाणपण आहे. सुरगाण्याच्या मुलीला नाशिकच ऐंशी-नव्वद किलोमीटर पडतं, आणि तिथून पुणे आणखी दोनशे दहा. अठराव्या वर्षी एकदम कॉट बेसिसवर राहणं, मेस लावणं, इंग्रजीतून प्रॅक्टिकल लिहिणं आणि घरची आठवण हे सगळं एकाच जुलैत अंगावर घेण्यापेक्षा पहिली एक-दोन वर्षं घराच्या टप्प्यात काढावीत, हा हिशोब पालक बरोबर करतात. शिवनईचा उपपरिसर दिंडोरी तालुक्यात उभा राहिला, त्याचा मोठा उपयोग हाच व्हायला हवा. नाशिकचं दुखणं जुनं आहे. 1990 मध्ये जळगावला वेगळं विद्यापीठ झालं, खानदेश तिकडे गेला, आणि नाशिक पुण्याकडेच राहिलं. मुक्त विद्यापीठाचं मुख्यालय इथे, आरोग्य विज्ञान विद्यापीठाचंही इथेच. पण साध्या बी.एस्सी. भौतिकशास्त्राच्या मुलाने मान वर केली की त्याला पुण्यातली गणेशखिंड, म्हणजे विद्यापीठाचा मुख्य परिसरच दिसतो.

आता पहिला घोळ. ‘मुख्य विद्यापीठात बदली’ या शब्दांत तीन वेगळे प्रवास कोंबलेले असतात आणि आपल्या माहितीपत्रकांत ते वेगळे केले जात नाहीत. गणेशखिंडीतले विभाग मुख्यतः पदव्युत्तर शिक्षणाचे आहेत. म्हणजे बी.ए.-बी.एस्सी.चं पहिलं वर्ष संपवून ‘युनिव्हर्सिटीत’ जाणारा विद्यार्थी बहुतेक वेळा पुण्यातल्या एखाद्या संलग्न किंवा स्वायत्त महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला जातो. विद्यापीठाच्या आवारात नव्हे. हा पहिला प्रवास. दुसरा, पदवी नाशकात पूर्ण करून प्रवेश परीक्षेच्या वाटेने विभागात एम.ए.-एम.एस्सी.ला जाणं. ही खरं तर बदली नाही, नवा प्रवेश आहे, आणि तीनही प्रवासांत हाच सर्वांत सरळ आहे. तिसरा, पदव्युत्तरचं पहिलं वर्ष उपपरिसरात आणि दुसरं मुख्य परिसरात. उपपरिसरातले अभ्यासक्रम वाढतील तसा हाच प्रवास जास्त विचारला जाईल, आणि नियम लिहून ठेवण्याची निकड इथेच जास्त आहे. बारावीच्या मुलाला समोर बसवून ‘तुला यातलं नेमकं काय करायचंय?’ एवढं विचारलं तरी निम्मे गैरसमज तिथेच मिटतात. ज्याला संशोधनाकडे जायचं आहे त्याला आमचा सल्ला स्पष्ट असतो : मधेच उडी मारू नकोस, इथली पदवी चांगल्या गुणांनी पूर्ण कर, प्रवेश परीक्षेची तयारी पाचव्या सत्रापासून धर.

पण ज्यांना मधेच जायचं आहे, किंवा जावं लागतं, त्यांच्यासाठी माशी कुठे शिंकते ते आता सविस्तर.

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या रचनेत सत्राला 22 क्रेडिट्स, म्हणजे शिकलेल्या तासांवर मोजले जाणारे श्रेयांक. वर्षाला 44, दोन वर्षांना 88, तीन वर्षांच्या पदवीला 132, चार वर्षांच्या ऑनर्सला 176. पहिल्या वर्षी विद्यार्थी तीन विषय घेतो. दुसऱ्या वर्षी त्या तिनांतला एक मेजर (मुख्य) होतो, एक मायनर (दुय्यम) होतो आणि एक सुटतो. कागदावर ही रचना उदार आहे. छोट्या ठिकाणी मात्र तिचा अर्थ वेगळा होतो. लहान महाविद्यालयात तीन विषयांचे दोन-तीनच गट चालतात, कारण तितकेच प्राध्यापक आणि तितक्याच प्रयोगशाळा असतात. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित असा गट घेतलेल्या मुलाला दुसऱ्या वर्षी पुण्यात संख्याशास्त्र मेजर हवं असेल, तर ते दार त्याने वर्षापूर्वीच स्वतःच्या सहीने बंद केलेलं असतं. त्याला ते कुणी सांगितलेलं नसतं. प्रवेश अर्जाच्या ज्या पानावर विषयगट निवडायचा असतो, त्याच पानावर, गटासमोर एक रकाना हवा : ‘या गटातून दुसऱ्या वर्षी घेता येणारे मेजर’. छपाईला एक ओळ जास्त लागेल.

दुसरा गैरसमज याहून चिवट आहे : ‘युनिव्हर्सिटी एकच, मग सिलॅबस एकच.’ हे आता खरं राहिलेलं नाही. स्वायत्त महाविद्यालय विद्यापीठाशी संलग्नच असतं, पदवी विद्यापीठाचीच मिळते, पण अभ्यासक्रम ते स्वतः आखतं. त्यामुळे तालुक्याच्या संलग्न महाविद्यालयातून शहरातल्या स्वायत्त महाविद्यालयात जाणारा विद्यार्थी कागदोपत्री त्याच विद्यापीठात आणि प्रत्यक्षात दुसऱ्या अभ्यासक्रमात जातो. नावं सारखी दिसतात. दोन्हीकडे ‘अकार्बनी रसायनशास्त्र’ असतं. पण इथे ते पहिल्या सत्रात आणि तिथे दुसऱ्या सत्रात शिकवून झालेलं असतं, आणि इथे दुसऱ्या सत्रात जे शिकवलं ते तिथे तिसऱ्या सत्रात पुन्हा येतं. मुलगा एक विषय दोनदा शिकतो आणि एक कधीच शिकत नाही. समतुल्यता नावावरून ठरवली की हे होणारच. ती विषयाच्या कोडवरून आणि घटकांच्या यादीवरून ठरली पाहिजे.

एटीकेटी, म्हणजे एखादा पेपर राहूनही पुढच्या वर्षात जाण्याची सवलत घेतलेली असेल, तर गाडी आणखी अडते. संलग्न महाविद्यालयातून संलग्न महाविद्यालयात गेलेल्याचा राहिलेला पेपर विद्यापीठाच्या परीक्षेत सुटतो. स्वायत्त महाविद्यालय सोडून गेलेल्याला मात्र राहिलेला पेपर जुन्याच महाविद्यालयाच्या परीक्षेत द्यावा लागतो, कारण तो विषय फक्त तिथेच आहे. दोन परीक्षा एकाच आठवड्यात आल्या तर चाकणच्या कोंडीत अडकलेल्या एसटीत बसून अभ्यास करायचा, असा त्याचा अर्थ. म्हणून आम्ही सांगतो : बॅकलॉग शिल्लक असेल तर त्या वर्षी हलू नका. आणि वर्षाच्या मध्ये, म्हणजे पहिल्या किंवा तिसऱ्या सत्रानंतर तर मुळीच हलू नका. अंतर्गत मूल्यमापन, प्रॅक्टिकलची जर्नल्स, प्रकल्प यांची गाठ वर्षाशी बांधलेली असते. जून-जुलै ही एकच खिडकी धड उघडते.

जर्नलचा विषय निघालाच आहे तर तोही सांगून टाकतो, कारण याकडे कुणाचंच लक्ष नसतं. प्रयोगाच्या एका क्रेडिटला 30 तास लागतात, थिअरीच्या एका क्रेडिटला 15. दोन क्रेडिट्सचं प्रॅक्टिकल म्हणजे 60 तास, आठवड्याला चार तास धरले तर पंधरा आठवडे. त्या साठ तासांचा विद्यार्थ्याच्या हाती असलेला पुरावा म्हणजे प्रमाणित जर्नल, ज्याच्या पहिल्या पानावर विभागप्रमुखाची सही आणि शिक्का असतो. परीक्षा झाली की जर्नल विभागातच राहतं, किंवा घरी येऊन रद्दीत जातं. नव्या ठिकाणी विभागप्रमुख विचारतात, ‘टायट्रेशन केलंय का, पोटेन्शिओमीटर हाताळलाय का?’ आणि दाखवायला काही नसतं. गुणपत्रिकेवर फक्त श्रेणी असते, प्रयोगांची यादी नसते. म्हणून विभागांनी वर्षअखेरीला केलेल्या प्रयोगांची एक पानी यादी सही-शिक्क्यानिशी द्यावी, आणि विद्यार्थ्याने जर्नलच्या प्रमाणपत्राचं पान आणि अनुक्रमणिका स्कॅन करून ठेवावी.

जे खरंच राहिलेलं असतं त्याचं काय करायचं? समजा एका विषयात दोन क्रेडिट्स थिअरी आणि दोन क्रेडिट्स प्रॅक्टिकल कमी पडतात. म्हणजे 30 अधिक 60, एकूण 90 तास. परीक्षा संपल्यापासून नवं सत्र सुरू होईपर्यंत पाच आठवडे धरले, तर आठवड्याला अठरा तास; रोज तीन तास, सहा दिवस. हे सहज बसतं. प्रश्न जागेचा आहे. हा पूरक वर्ग पुण्यात ठेवला तर विद्यार्थ्याला दीड महिना आधी खोली घ्यावी लागते, आणि ज्याला तेवढं परवडतं त्याला मुळात बदलीची वाट धरायची गरज नव्हती. म्हणून पूरक वर्ग उपपरिसरात, उन्हाळ्यात, जिल्ह्यातल्या सगळ्या महाविद्यालयांच्या मुलांसाठी एकत्र घ्यावेत. प्रयोगशाळा उन्हाळ्यात रिकामीच असते. अडचण येते ती प्रयोगशाळा सहायकांच्या सुट्टीची आणि मे महिन्यातल्या पाण्याची. पेठ-सुरगाण्याकडच्या महाविद्यालयांना हे वेगळं सांगायला नको.

आता क्रेडिट बँक, म्हणजे विद्यार्थ्याने मिळवलेली क्रेडिट्स त्याच्या खात्यावर जमा ठेवणारी ऑनलाइन व्यवस्था. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे विनियम जुलै 2021 चे आहेत. विद्यार्थ्याला बारा अंकी ओळख क्रमांक मिळतो, क्रेडिट्स जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात, आणि पदवी देणाऱ्या संस्थेतून निदान निम्मी क्रेडिट्स मिळवावी लागतात. या शेवटच्या अटीचा हिशोब फार थोडे लोक मांडून बघतात. उपपरिसर आणि मुख्य परिसर हे एकच विद्यापीठ असल्याने तिथे ती आड येत नाही. पण दुसऱ्या विद्यापीठातून येणाऱ्याने, आणि नाशकात मुक्त विद्यापीठातून नियमित अभ्यासक्रमाकडे वळू पाहणारे पुष्कळ असतात, आकडे मांडून पाहावेत. 132 ची निम्मी 66. पहिल्या वर्षानंतर आलात तर पुढे 88 क्रेडिट्स नव्या ठिकाणी होतात, चालतं. दोन वर्षं काढून आलात तर 44 च उरतात. म्हणजे अट पुरी होत नाही आणि मागच्या काही क्रेडिट्सवर पाणी सोडावं लागतं. पदव्युत्तरला तर सगळं काठावर आहे : 88 पैकी 44 तिकडे, 44 इकडे, बरोबर निम्मी. दुसऱ्या वर्षात दोन क्रेडिट्सचा एखादा विषय हौसेने बाहेरून घेतला की 42 उरतात आणि तोल जातो. शिवाय वेगळ्या विद्यापीठातून येताना मायग्रेशन प्रमाणपत्र लागतं. एकाच विद्यापीठात ते लागत नाही, टीसी पुरतो. तरीही दरवर्षी मुलं मायग्रेशनची फी भरून बसलेली दिसतात, कारण कुणीतरी ‘असू द्या बरोबर’ म्हणालेलं असतं.

बँकेत क्रेडिट्स विद्यार्थी टाकू शकत नाही, संस्थाच टाकते. आणि नाव, जन्मतारीख, लिंग हे आधारशी जुळलं तरच ती त्याच्या खात्यावर दिसतात. इथे आपल्याकडच्या नावांच्या पद्धतीने केलेली गंमत बघा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं. आधारवर मुलीचं नाव आधी. कुठे ‘कु.’ चिकटलेलं, कुठे वडिलांच्या नावापुढे ‘राव’ किंवा ‘भाऊ’, कुठे आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ जास्त. या एका ‘ए’पायी 44 क्रेडिट्स अदृश्य राहतात. शिवाय आधारला जोडलेला मोबाइल वडिलांचा, वडील द्राक्षबागेत किंवा डोंगरात, आणि ओटीपी दहा मिनिटांचा. दुरुस्तीचा क्रम ठरलेला आहे : आधी आधार दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे करून घ्यायचं आणि त्याला स्वतःचा मोबाइल जोडायचा, मग डिजिलॉकर, मग महाविद्यालयात नावदुरुस्तीचा अर्ज. हे ऑगस्टमध्ये, पहिल्या सत्रातच व्हायला हवं. बदलीच्या जूनमध्ये आधार केंद्रावर रांग लावणं म्हणजे वरातीमागून घोडं.

आणि टीसी. हा एवढासा कागद, पण सगळा खेळ त्याच्यावर. त्यावर वर्ग, सत्र, सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण आणि शेरा असे रकाने असतात. कारणाच्या रकान्यात ‘स्वतःच्या विनंतीवरून’ आणि शेवटच्या परीक्षेपुढे ‘उत्तीर्ण’ असेल तर पुढचा कारकून पान उलटतो. ‘शिक्षण खंडित’ असं लिहिलेलं असलं की तो थांबतो, आणि वर्षभराचा गॅप नसतानाही गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतो. लिहिणाऱ्याने ते शब्द सवयीने लिहिलेले असतात. प्राचार्यांना विनंती अशी की बदलीसाठीच्या टीसीवर शेऱ्यात तीन गोष्टी लिहायला सांगा : पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक), पूर्ण केलेली क्रेडिट्स, आणि एटीकेटी आहे की नाही. दोन ओळींचं काम आहे. विद्यार्थ्यांनी मूळ टीसी हातचा सोडण्याआधी त्याच्या दोन्ही बाजूंचा स्कॅन आणि निदान तीन सत्यप्रती काढून ठेवाव्यात. तो एकदा जमा झाला की परत दिसत नाही, आणि दुसरी प्रत काढायची तर पोलीस ठाण्याची नोंद आणि प्रतिज्ञापत्र यांतून जावं लागतं.

टीसी वेळेत न मिळण्याचं कारण बहुधा ना-देय प्रमाणपत्र असतं. ग्रंथालय, प्रयोगशाळा, जिमखाना यांच्या सह्या एका दिवसात होतात. अडतं शिष्यवृत्ती विभागापाशी. फीची प्रतिपूर्ती महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरून यायची असते, हप्ता आलेला नसतो, आणि खात्यावर विद्यार्थ्याच्या नावाने बाकी दिसते. ती बाकी मुलाची नसून शासनाची असते. पण टीसी मुलाचा अडकतो. फी परतावा आणि मूळ प्रमाणपत्रं रोखून न ठेवण्याबाबत अनुदान आयोगाची ऑक्टोबर 2018 ची अधिसूचना आहे. शिष्यवृत्ती मंजूर झालेल्या विद्यार्थ्याकडून ‘हप्ता खात्यावर आल्यास महाविद्यालयाचा हिस्सा भरेन’ असं साधं हमीपत्र घेऊन टीसी द्यावा, असं परिपत्रक विद्यापीठाने काढलं तर जुलैमधली निम्मी रडारड थांबेल.

त्याच अधिसूचनेत परताव्याचे टप्पे आहेत, आणि ते पालकांना पाठ हवेत. कारण पुण्याची यादी लागेपर्यंत सुरक्षितता म्हणून बहुतेक जण इथे दुसऱ्या वर्षाची फी भरून ठेवतात. प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या पंधरा किंवा त्याहून जास्त दिवस आधी प्रवेश सोडला तर पूर्ण फी परत, फक्त प्रक्रिया शुल्क कापून. त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत 90 टक्के. तारीख उलटून पंधरा दिवसांपर्यंत 80. पंधरा ते तीस दिवसांत 50. तीस दिवसांनंतर शून्य. आयोग एखाद्या वर्षी वेगळी, अधिक सैल सूचनाही काढतो, ती त्या वर्षी पाहावी. पण एक गोष्ट कायम : अर्ज लेखी द्यायचा, आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का असलेली पोच घ्यायची. ‘सरांना सांगितलंय’ याला तारीख नसते.

यावरून तारखांचा मुद्दा. दुसऱ्या सत्राचा निकाल लागल्याशिवाय बदलीचा अर्ज पूर्ण होत नाही, आणि निकाल लागेपर्यंत पुण्यात दुसऱ्या वर्षाचे वर्ग भरत आलेले असतात. मोठ्या महाविद्यालयांत दुसऱ्या वर्षी जागा होते ती कुणी सोडून गेलं तरच. म्हणजे जागा किती हे कुणालाच आधी माहीत नसतं, आणि जी असते ती ज्याला आधी कळली त्याची. आम्हाला ही पद्धत पटत नाही. विद्यापीठाने 30 एप्रिलपर्यंत प्रत्येक महाविद्यालयाकडून आणि विभागाकडून दुसऱ्या वर्षाच्या अपेक्षित रिक्त जागा विषयवार मागवाव्यात, त्या एका ठिकाणी जाहीर कराव्यात, पहिल्या सत्राच्या निकालावर तात्पुरती यादी लावावी आणि दुसऱ्या सत्राचा निकाल लागला की ती कायम करावी. अभियांत्रिकीला पदविकाधारकांचा थेट दुसऱ्या वर्षाचा प्रवेश राज्यभर केंद्रीय पद्धतीने होतोच. म्हणजे मधल्या वर्षाचे प्रवेश शिस्तीत करता येत नाहीत असं म्हणायला जागा नाही.

पैशांचं थोडक्यात, पण काळजीपूर्वक. महाविद्यालय बदललं की महाडीबीटीवरच्या प्रोफाइलमध्ये पहिलं वर्ष जुन्या महाविद्यालयाच्या नावाने ‘पूर्ण’ दाखवायचं आणि चालू वर्ष नव्या महाविद्यालयाच्या नावाने भरायचं. जुन्याखालीच ‘चालू’ राहिलं तर अर्ज जुन्या महाविद्यालयाच्या टेबलावर जातो आणि तिथे कुणाचाच नसल्यासारखा पडून राहतो. पुण्यात गेल्यावर नवं बँक खातं उघडताना आधार जोडणी करायला सांगतात. लक्षात ठेवा, थेट लाभाचे पैसे आधारशी सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. गावच्या खात्याकडे डोळे लावून बसलेल्या घरात हे कळायला सहा महिने लागतात. घर सोडून राहणाऱ्यांसाठी अनुसूचित जातींना स्वाधार, जमातींना स्वयम् आणि इतर मागासवर्गीयांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहेत. पुण्यासाठी स्वाधारची रक्कम वर्षाला 60,000 : भोजनाचे 32,000, निवासाचे 20,000, निर्वाहाचे 8,000. पण ती हप्त्याने येते, आणि उशिरा येते. जुलैतलं खोलीचं डिपॉझिट तिच्यातून भरता येत नाही. मुख्य परिसराच्या वसतिगृहात बदलून येणाऱ्यांसाठी काही खाटा पहिले दोन महिने राखून ठेवल्या, तर पैसा हाती येईपर्यंतचा हा खड्डा भरून निघेल.

एका गोष्टीकडे मात्र आपण उलट्या बाजूने बघावं, असं आम्हाला मनापासून वाटतं. सगळी चर्चा नाशिकहून पुण्याला कसं जायचं याचीच का? पदव्युत्तर रचनेत दुसऱ्या सत्रात चार क्रेडिट्सचं प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण आहे, म्हणजे 120 तास. त्यासाठी लागतं ते सगळं इथे आहे. ओझरला विमानांचा कारखाना, सातपूर-अंबडच्या वसाहती, दिंडोरी रस्त्यावर मेरी ही जलसंपदा विभागाची संशोधन संस्था, नाशिकरोडला नोटांचा छापखाना, लासलगावचा कांदा आणि पिंपळगाव बसवंतचा टोमॅटो बाजार, आणि शिवनईच्या आजूबाजूला पसरलेली द्राक्षशेती. भूगोल, अर्थशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, पर्यावरणशास्त्राच्या गणेशखिंडीतल्या विद्यार्थ्यांनी दुसरं सत्र शिवनईत राहून करावं, अशी सोय झाली तर दोन फायदे होतील. एक, उपपरिसराला वरच्या वर्गातले विद्यार्थी मिळतील आणि इथल्या मुलांना पुण्याचे वर्ग कसे चालतात ते बस न पकडता कळेल. दुसरा जास्त महत्त्वाचा : दोन्ही परिसरांची सत्रं आणि विषयांचे कोड आपोआप एका रेषेत आणावे लागतील, कारण मग चुकलेल्या कोडचा त्रास पुण्याच्या मुलांनाही होईल. आणि पुण्याला त्रास झाला की कागद लवकर हलतो, हे आम्ही रागाने म्हणत नाही, अनुभवाने म्हणतो.

मात्र मुलांना शिवनईपर्यंत पोचवायला शहरातून वेळेवर बस हवी. साडेसातचं प्रॅक्टिकल आणि त्यानंतर येणारी पहिली बस, हा मेळ बसत नाही. सिटीलिंक ही शहर बससेवा आणि एसटी यांच्याकडे वेळापत्रक उपपरिसराने स्वतः नेऊन बोलावं. विद्यार्थ्यांच्या निवेदनाने ते होत नाही.

राहिला प्रश्न सुरुवात कुठून करायची. सगळ्या विषयांची समतुल्यता एकदम ठरवायला बसलात तर समिती नेमली जाईल आणि तिथेच थांबेल. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, भूगोल आणि मराठी या पाच विषयांपासून सुरुवात करा. या पाचांच्या पहिल्या वर्षाचं कोष्टक, म्हणजे इथल्या विषयाचा कोड, तिथल्या विषयाचा कोड, जुळणारे घटक, कमी पडणारे तास, याचा कच्चा मसुदा आम्ही दिवाळीच्या सुट्टीत करून देऊ. अभ्यासमंडळांनी तो जानेवारीपर्यंत तपासावा, विद्यापरिषदेने मार्चमध्ये मान्यता द्यावी, आणि बारावीचा पुढचा निकाल लागेल त्या दिवशी तो प्रवेश अर्जाला टाचलेला असावा. मसुद्यासाठी आम्हाला फक्त स्वायत्त महाविद्यालयांचे मान्यताप्राप्त अभ्यासक्रम घटकांच्या यादीसह हवे आहेत. तेवढे मागवून उपपरिसराच्या कार्यालयात ठेवावेत, आम्ही तिथे येऊन काम करू.

आपले,
नाशिक जिल्ह्यातील महाविद्यालयांत शिकवणारे व कार्यालयांत काम करणारे